माणूस गातो कशासाठी?

मित्रांनो, हातातला हा अंक क्षणभर बाजूला ठेवा आणि एक गंमत करून बघा. जवळ ताई, दादा, आई, आजोबा, जे कोणी असेल त्यांना हाक मारा आणि सांगा, "मी टाळ्या वाजवतो, तुम्ही माझ्याबरोबर वाजवा." पहिल्या दोन-तीन टाळ्या मागेपुढे होतील. चौथ्या-पाचव्या टाळीला सगळ्यांचे हात एकदम वाजू लागतील. आता हळूच वेग वाढवा. तेही वाढवतील. पुन्हा कमी करा. तेही कमी करतील.

यात काय विशेष, असं वाटलं ना? मग जरा बारकाईनं बघा. तुमची टाळी ऐकून मग त्यांनी आपली टाळी वाजवली असती, तर त्यांची टाळी दर वेळी किंचित मागे पडली असती. पण ती मागे पडत नाही, बरोबर वेळेवर पडते. म्हणजे तुमची पुढची टाळी केव्हा पडणार, हे त्यांच्या मेंदूनं आधीच ओळखलेलं असतं! आता हाच प्रयोग घरातल्या मोतीबरोबर किंवा मनीबरोबर करा. मोती शेपूट हलवेल, पण तालावर नाही. मनी तर उठून निघूनच जाईल. अहो, आपला सगळ्यात जवळचा नातलग चिंपांझी, त्यालाही हे धड जमत नाही.

मग आपल्यालाच ही विद्या कुठून आली? आणि कशासाठी?

'कशासाठी' हा प्रश्न महत्त्वाचा आहे, बरं का. भूक लागते म्हणून आपण खातो आणि जगतो. भीती वाटते म्हणून सापापासून दूर पळतो आणि वाचतो. ज्या गुणांमुळे प्राण्यांना जगायला आणि पिल्लं वाढवायला मदत होते, ते गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. यालाच उत्क्रांती म्हणतात, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलंच असेल. पण गाण्याचं काय? गाणं खाता येत नाही, पांघरता येत नाही, त्यानं वाघ मरत नाही. "गाण्यानं काय पोट भरणार आहे?" हे वाक्य तर पेटी किंवा तबला शिकणाऱ्या प्रत्येक मुलानं एकदा तरी ऐकलेलं असतं. तरीही जगात बिनगाण्याचा समाज कोणालाही सापडलेला नाही. वाळवंटात, बर्फात, जंगलात, बेटांवर, जिथे माणूस तिथे गाणं. मोठ्यामोठ्या शास्त्रज्ञांना या कोड्यानं दीडशे वर्षं छळलं आहे.

गिधाडाच्या हाडाची बासरी

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात श्वाबियन जुरा नावाचा चुनखडीच्या डोंगरांचा प्रदेश आहे. डोंगरांच्या पोटात गुहाच गुहा. त्यातल्या एका गुहेचं नाव होले फेल्स, म्हणजे 'पोकळ खडक'. २००८ च्या उन्हाळ्यात निकोलस कोनार्ड या पुरातत्त्वज्ञाची मंडळी तिथे खणत होती. खणता खणता हाडाचे बारा तुकडे मिळाले. ते जुळवले तेव्हा सगळे थक्क झाले. ती होती बासरी!

गिधाडाच्या पंखातलं हाड. पक्ष्यांची हाडं आतून पोकळ असतात, त्यामुळे नळी आयतीच मिळाली. लांबी सुमारे २२ सेंटीमीटर, म्हणजे तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीपेक्षा थोडी मोठी. जाडी ८ मिलिमीटर, साधारण पेन्सिलीएवढी. तिला बोटांसाठी पाच भोकं पाडलेली होती. फुंक मारायच्या टोकाला खाचा केलेल्या होत्या. आणि तिचं वय? कमीत कमी ३५ हजार वर्षं!

जवळच्याच गायसनक्लोस्टर्ले नावाच्या गुहेतल्या बासऱ्या तर याहूनही जुन्या, सुमारे ४२ ते ४३ हजार वर्षांपूर्वीच्या थरातल्या असाव्यात, असं २०१२ मध्ये जाहीर झालेल्या मोजणीवरून दिसलं. त्यातली एक मॅमथच्या, म्हणजे केसाळ हत्तीच्या, सुळ्याची आहे. हस्तिदंत काही पोकळ नसतो. तेव्हा त्या कारागिरानं काय केलं असेल? आधी सुळ्याचा तुकडा दांडीसारखा घडवला. तो उभा चिरून दोन फाळ्या केल्या. दोन्ही फाळ्या आतून कोरून काढल्या, आणि मग हवा कुठूनही निसटणार नाही अशा बेतानं पुन्हा एकमेकींना चिकटवल्या. हे सगळं कशानं? तर गारगोटीच्या धारदार चिपांनी! लोखंड माहीत व्हायला अजून हजारो वर्षं होती.

आता त्या दिवसांचं चित्र डोळ्यांसमोर आणा. युरोपात हिमयुग चाललेलं. बाहेर कडाक्याची थंडी, गुहेत अस्वलांची भीती, शिकार मिळाली तर जेवण. अशा वेळी कोणीतरी माणूस कितीतरी दिवस बसून बासरी घडवतो आहे, आणि बाकीचे त्याला "उठ, लाकडं आण" म्हणून हाकलत नाहीत. म्हणजे त्यांना ती बासरी चैनीची वस्तू वाटत नसावी, असं मला तरी वाटतं.

(स्लोव्हेनियात १९९५ मध्ये गुहेतल्या अस्वलाचं एक भोकं पडलेलं हाड मिळालं. ते याहूनही जुनं, निअँडरथल माणसांच्या काळातलं आहे. ती बासरी आहे, असं काहीजण म्हणतात. छे, ती भोकं कुठल्यातरी जनावराच्या दातांनी पडली, असं बाकीचे म्हणतात. तो वाद अजून मिटलेला नाही.)

फ्रान्समधल्या मार्सुला गुहेतल्या शंखाची गोष्ट तर आणखी गमतीची. हा मोठा समुद्री शंख १९३१ मध्ये सापडला. पाहणाऱ्यांना वाटलं, हा पाणी पिण्याचा पेला असेल. झालं, तो जाऊन पडला तुलूझच्या संग्रहालयात! नव्वद वर्षांनी कोणीतरी तो पुन्हा नीट तपासला. टोक मुद्दाम फोडलेलं दिसलं. मग एका वादकाला बोलावलं, आणि त्यानं तो फुंकला. १८ हजार वर्षांपूर्वीच्या शंखातून तीन सूर निघाले! २०२१ मध्ये ही बातमी जगभर झाली. आपल्याकडच्या एखाद्या पुजारीबुवांच्या हाती तो शंख १९३१ मध्येच दिला असता, तर त्यांनी तो पेला आहे की काय, हे पाच मिनिटांत सांगितलं असतं, नाही का?

पण लक्षात घ्या, हाड टिकतं, शंख टिकतो. बांबू, कातडं, लाकूड कुजून जातं. आणि गळ्यातून निघालेलं गाणं तर हवेतच विरून जातं. तेव्हा संगीताचं वय ४० हजार वर्षं आहे असं म्हणता येणार नाही. निदान इतकं तरी आहे, एवढंच म्हणता येईल.

डार्विन, कोकीळ आणि गांडुळं

उत्क्रांती म्हटलं की चार्ल्स डार्विनचं नाव आलंच. त्यानं १८७१ सालच्या आपल्या पुस्तकात या कोड्याला हात घातला. संगीत ही माणसाची एक अतिशय गूढ शक्ती आहे, असं त्यानं लिहिलं. त्याचं लक्ष पक्ष्यांकडे गेलं. वसंतात आंब्यावर कुहूकुहू कोण करतं? कोकिळा नव्हे, कोकीळ. नर गातो आणि मादी ऐकते. जो चांगला गातो त्याला जोडीदारीण मिळते. माणसाचे पूर्वजही भाषा येण्याआधी असेच सूर काढून एकमेकांना आकर्षित करत असतील, असा डार्विनचा तर्क होता.

डार्विन मोठा चिकाटीचा गृहस्थ. गांडुळांना ऐकू येतं का, हे बघायला त्यानं गांडुळांच्या कुंड्या घरात आणून ठेवल्या. त्यांच्यापुढे शिट्टी वाजवली, पियानो वाजवला. मुलाला बसूनमध्ये, म्हणजे एका लांबलचक इंग्रजी सनईसारख्या वाद्यात, जोरजोरात फुंकायला लावलं. गांडुळं ढिम्म! मात्र कुंडी पियानोवरच ठेवून पट्टी दाबली, तेव्हा ती झटकन बिळात शिरली. त्यांना सूर कळला नव्हता, हादरा कळला होता. हे सगळं त्यानं १८८१ च्या पुस्तकात गंभीरपणे नोंदवून ठेवलं आहे.

पण डार्विनच्या तर्कात एक अडचण आहे. तुम्हीच विचार करा. आजी भजन म्हणते ती काय जोडीदार शोधायला? पहिलीतली मुलं बडबडगीतं म्हणतात ती कशाला? पक्ष्यांच्या बऱ्याच जातींत गाणं नरांचं आणि तेही ठरावीक हंगामात. माणसांत मात्र बाया, बापे, पोरंसोरं, म्हातारी माणसं, सगळे बारा महिने गातात. शिवाय बहुतेक वेळा मिळून गातात.

आपल्या नात्यातला गाणारा प्राणी बघायचा असेल तर आसामात जोरहाट जिल्ह्यातल्या होल्लोंगापार अभयारण्यात जावं लागेल. तिथे हूलॉक गिबन राहतात. ही बिनशेपटीची वानरं सकाळी झाडांच्या शेंड्यांवर बसून नर-मादी मिळून अशी काही आरोळी लावतात की सारं जंगल घुमतं. जोडपं आपल्या हद्दीची दवंडीच पिटत असतं. पण गिबनांची चाल उपजत असते, शिकावी लागत नाही. दोन वेगळ्या जातींच्या आईबापांचं पिल्लू असेल, तर ते दोन्हींची सरमिसळ गातं. आपण मात्र कोणाचंही गाणं शिकू शकतो.

जिलबीचा सिद्धान्त

१९९७ साली स्टीव्हन पिंकर या मानसशास्त्रज्ञानं एका पुस्तकात बाँबच टाकला. तो म्हणाला, संगीत म्हणजे कानांचा चीजकेक आहे! चीजकेक हा विलायती गोड पदार्थ. आपण जिलबी म्हणू या. जंगलात राहणाऱ्या माणसाला गोड फळं आणि स्निग्ध पदार्थ क्वचित मिळायचे आणि ते शरीराला फार उपयोगाचे होते, म्हणून त्यांची आवड आपल्यात मुरली. मग हलवायांनी ती आवड ओळखून जिलबी तळली. जिलबी खाता यावी म्हणून काही माणूस उत्क्रांत झालेला नाही. पिंकरचं म्हणणं असं, की बोलणं समजून घेण्यासाठी, आवाज ओळखण्यासाठी मेंदूत ज्या सोयी झाल्या, त्यांना गुदगुल्या करणारी जिलबी म्हणजे संगीत. ते उद्या नाहीसं झालं तरी आपल्या जगण्यात फारसा फरक पडणार नाही.

झालं! संगीतप्रेमी चिडले. पण नुसतं चिडून भागत नाही, पुरावा लागतो. मला विचाराल तर पिंकरनं उपकारच केले. त्याला उत्तर द्यायचं म्हणून कितीतरी शास्त्रज्ञ प्रयोगाला लागले, आणि त्यातून जे बाहेर आलं ते फार सुरेख आहे.

अंगाई

चिंपांझीचं पिल्लू आईच्या केसांना घट्ट धरून लोंबकळतं. आईचे दोन्ही हात मोकळे. माणसाचं बाळ मात्र जन्मतः इतकं दुबळं असतं की त्याला मानसुद्धा सावरता येत नाही, आणि आईच्या अंगावर धरायला केसही नाहीत. मग कंदमुळं खणताना, लाकडं गोळा करताना आईनं काय करायचं? बाळाला खाली ठेवायचं. ठेवलं की ते रडणार. रडलं की हिंस्र जनावराला पत्ता लागणार! डीन फॉक या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २००४ मध्ये असा तर्क मांडला, की अशा वेळी आईचा आवाजच तिच्या हातांचं काम करू लागला असेल. 'मी इथेच आहे, तुझ्याकडे माझं लक्ष आहे' हे बाळाला दुरून सांगणारा लाडिक, लांबवलेला, हेलकावणारा आवाज. भाषेची आणि अंगाईची मुळं त्यात असतील का?

तर्क ठीक आहे, पण तपासायचा कसा? हजारो वर्षांपूर्वीची आई तर भेटत नाही. शास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८६ समाजांतली ११८ गाणी निवडली आणि त्यांचे चौदा-चौदा सेकंदांचे तुकडे ६० देशांतल्या ७५० लोकांना ऐकवले. भाषा अनोळखी, देश अनोळखी. प्रश्न एकच, हे गाणं कशासाठी असेल? लोकांनी नाचाचं गाणं आणि अंगाई ही दोन बरोबर ओळखली. (प्रेमगीतं ओळखताना मात्र त्यांची गडबड उडाली. सिनेमावाल्यांनी याची नोंद घ्यावी!)

मग २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी काही महिन्यांच्या बाळांनाच परक्या भाषांतली गाणी ऐकवली. काही अंगाया, काही दुसरी. अंगाई लागली की बाळांच्या हृदयाचे ठोके मंदावले, डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक झाल्या. बाळं शांत झाली. गाणारी बाई जगाच्या दुसऱ्या टोकाची, शब्द कधी कानावर न पडलेले, आणि तरीही! २०२२ मध्ये तर २१ समाजांतल्या ४१० लोकांच्या आवाजाच्या हजारावर फिती तपासून झाल्या. त्यात शहरातले होते आणि जंगलात शिकार करून राहणारेही. बाळाशी बोलताना, गाताना सगळ्यांचा आवाज बऱ्याच अंशी सारखाच बदलतो, असं दिसलं.

जन्मतःच ताल

आता आपल्या टाळ्यांकडे परत येऊ. हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरात इस्त्वान विंक्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-तीन दिवसांच्या बाळांवर प्रयोग केला. घाबरू नका, त्यांना काही टोचलं नाही. झोपलेल्या बाळांच्या डोक्याला मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजणारे चकत्यांसारखे तुकडे लावले आणि ढोलाचा एक ठेका ऐकवत राहिले. मध्येच ठेक्यातली पहिली थाप, म्हणजे आपली सम म्हणा ना, गाळली. लगेच बाळाच्या मेंदूत खळबळ! 'अरे, इथे थाप यायला हवी होती!' २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ज्याला अजून आईचा चेहराही नीट दिसत नाही, त्याला ठेका चुकलेला कळतो.

त्याच वर्षी एका पक्ष्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्नोबॉल नावाचा पांढराशुभ्र काकाकुवा. अमेरिकेत एका पक्षी-आश्रमात राहणारा हा पठ्ठ्या गाणं लागलं की पाय उचलून, तुरा उडवून नाचायचा. शास्त्रज्ञ अनिरुद्ध पटेल यांनी त्याचं आवडतं गाणं कधी जलद, कधी संथ करून वाजवलं. स्नोबॉलनं बऱ्याच वेळा आपली चाल बदलून ताल पकडला! पुढे २०१९ मध्ये त्याच्या नाचातल्या चौदा वेगवेगळ्या ढबी मोजल्या गेल्या. पटेल यांना वाटलं, काकाकुवा आवाजाची नक्कल करतो. नक्कल करायची तर कान आणि हालचाल यांची मेंदूत पक्की जोडणी लागते. त्याच जोडणीतून ताल आला असावा. किती छान स्पष्टीकरण!

पण विज्ञानात कोणाचंही चार दिवस सुखाचे जात नाहीत. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातली रोनन ही समुद्रसिंहीण तालावर मान डोलवायला शिकली. समुद्रसिंह काही पोपटासारखी नक्कल करत नाहीत. २०२५ च्या चाचणीत तर तिनं कॉलेजातल्या मुलामुलींपेक्षाही पक्का ठेका धरला. म्हणजे हे कोडं वाटलं त्यापेक्षा अवघड आहे.

मिळून गाण्यानं काय होतं?

पहाटे जात्यावर समोरासमोर बसून दळणाऱ्या दोन बायका तुमच्या पणजीनं पाहिल्या असतील, कदाचित त्यातली एक तीच असेल. एकच खुंटा, चार हात. एकीनं ओढायचं तेव्हाच दुसरीनं लोटायचं. ताल चुकला तर जातं अडतं. ओवीनं तो ताल सांभाळला जायचा आणि हातांचे कष्टही विसरले जायचे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. दळण गिरणीत गेलं, जाती कोपऱ्यात गेली, पण ओव्या राहिल्या. त्यांत सासर आहे, माहेर आहे, पंढरी आहे, आणि कोणाला सांगता न येणारं दुःखही आहे. ज्या गोष्टी बोलायची सोय नव्हती त्या गाता येत होत्या, हा उपयोग काही लहान नाही.

जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये चार वर्षांच्या मुलांच्या जोड्या करून २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही जोड्या एक खेळ गात-वाजवत खेळल्या. बाकीच्या तोच खेळ गाण्याशिवाय खेळल्या. नंतर एकाच्या हातातल्या गोट्या मुद्दाम सांडतील अशी युक्ती केली होती. मदतीला कोण धावलं? गाऊन खेळलेली मुलं जास्त! कॅनडात तर चौदा महिन्यांच्या बाळांना तालावर झुलवून बघितलं. समोरची बाई बाळाच्याच तालात झुलली असेल, तर तिच्या हातून पडलेली वस्तू उचलून द्यायला ते बाळ जास्त तत्पर होतं.

इंग्लंडमधले रॉबिन डनबार म्हणतात, माकडं एकमेकांच्या उवा काढून मैत्री राखतात. पण एका वेळी उवा एकाच्याच काढता येतात. टोळ्या मोठ्या झाल्यावर माणसानं काय करावं? एकत्र गावं! एकाच वेळी वीस-पंचवीस जणांशी मैत्री. गाताना मेंदूत वेदना कमी करणारी, बरं वाटायला लावणारी द्रव्यं पाझरतात, असंही त्यांचं म्हणणं आहे. डनबार यांच्या गटानं गाण्याचे वर्ग आणि हस्तकला-लेखनाचे वर्ग यांची सात महिने तुलना केली. शेवटी मैत्री दोन्हींकडे सारखीच झाली. पण गाणाऱ्यांची गट्टी पहिल्या महिन्यातच जमली होती!

सगळ्यांना हे पटत नाही. दुसरा गट म्हणतो, मैत्री हा नंतरचा फायदा, मुळात हा इशारा आहे. दुरून लेझीम किंवा ढोलांचं पथक ऐकू आलं की, न बघताही तुम्हाला दोन गोष्टी कळतात. माणसं बरीच आहेत, आणि त्यांनी पुष्कळ सराव केलेला आहे. असा आवाज आयत्या वेळी जमलेल्या चौघांना काढता येत नाही. शेजारच्या टोळीला एवढं कळलं की ती भांडण काढण्याआधी दहादा विचार करील. आणि अंगाई? तोही इशाराच. आई गाते आहे म्हणजे तिचं लक्ष दुसरीकडे नाही, हे बाळाला कळतं. २०२१ मध्ये हे दोन्ही गट एकाच नियतकालिकात समोरासमोर आले, आणि जगभरच्या विद्वानांनी दोघांवरही टीका-टिप्पणीचा पाऊस पाडला. मला स्वतःला दोन्ही खरं वाटतं. आपल्याच माणसांना जवळ आणणारी गोष्ट परक्याला दुरूनच धाक घालते, यात विरोध कुठे आहे?

मात्र आईबाबांसाठी इथे एक सावधगिरीचा शब्द. १९९३ मध्ये अमेरिकेत ३६ कॉलेज विद्यार्थ्यांना मोझार्ट या संगीतकाराची रचना दहा मिनिटं ऐकवली, तेव्हा कागदाच्या घड्या ओळखण्यासारख्या कोड्यांत त्यांना थोडे जास्त गुण पडले. हा परिणाम जेमतेम पंधरा मिनिटं टिकला. पण गावभर बोभाटा झाला की मोझार्टनं मुलं हुशार होतात! १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अशा संगीताची फीत फुकट वाटण्याची योजना मांडली. पुढच्या तपासण्यांत त्या चमत्कारातलं फारसं काही उरलं नाही. तेव्हा गणितात मार्क वाढावेत म्हणून मुलाला तबल्याला घालू नका. तबला यावा म्हणून घाला.

सात माणसं

आता एक खरी घडलेली गोष्ट. इंडोनेशियात सुमात्राच्या पश्चिमेला सिमेलुए नावाचं बेट आहे. १९०७ मध्ये तिथे मोठा भूकंप झाला. पाठोपाठ समुद्र खवळून आत आला आणि कितीतरी माणसं गेली. त्या लाटेला बेटावरचे लोक 'स्मोंग' म्हणतात. जे वाचले त्यांनी काय केलं? स्मारक उभारलं नाही, पुस्तक छापलं नाही. त्यांनी ती हकीकत नातवंडांना गोष्टींतून सांगितली, अंगाईतून आणि नांदोंग नावाच्या आपल्या गाण्यांतून ऐकवली. जमीन जोरात हलली, समुद्र मागे हटला, तर काही घेत बसू नका, डोंगराकडे पळा. नातवंडांनी ते आपल्या नातवंडांना सांगितलं.

२६ डिसेंबर २००४ च्या सकाळी पुन्हा भूकंप झाला, त्सुनामीचा. बेटाच्या उत्तर टोकाला लांगी गावात पहिली लाट अवघ्या आठ-दहा मिनिटांत पोचली. कुठला भोंगा नाही, रेडिओवर सूचना नाही. "स्मोंग! स्मोंग!" अशी एकच ओरड झाली, आणि गावातली सुमारे आठशे माणसं टेकडीकडे धावली. गावातलं सगळं वाहून गेलं, पण माणूस एकही दगावला नाही. बेटाची लोकसंख्या सुमारे ७८ हजार. गेले फक्त सातजण. त्याच दिवशी शेजारच्या सुमात्राच्या किनाऱ्यावर दीड लाखाहून अधिक लोक मेले.

सत्त्याण्णव वर्षं ती सूचना टिकली ती कशात? शाळेच्या धड्यात नव्हे, लोकांच्या तोंडात. साधं वाक्य चार तोंडांतून गेलं की बदलतं. चालीत बसवलेला शब्द मात्र सहजी हलत नाही, हलवला तर ताल चुकतो आणि लगेच कळतं. तुम्ही पाढे चालीवर का पाठ करता, याचं कारणही हेच.

घरी करून बघा

या सुट्टीत आजीला किंवा पणजीला त्यांच्या लहानपणची अंगाई म्हणायला सांगा. 'मला कुठे गाता येतं' असं त्या म्हणतील. तिकडे लक्ष देऊ नका. ज्यांना सूर खरोखरच कळत नाही अशी माणसं शंभरात जेमतेम दीड निघतात, असं मोठ्या तपासणीत दिसलं आहे. मोबाइलवर ते गाणं टिपून ठेवा आणि वहीत चार रकाने आखा. वेग किती, म्हणजे मिनिटाला किती झोके? आवाज किती वर चढतो? एकच ओळ किती वेळा येते? आणि ते आजीला कोणी शिकवलं? शेजारी दुसरी भाषा बोलणारं कुटुंब असेल तर त्यांच्या आजींकडेही जा. दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघा आणि काय सारखं निघालं ते आम्हाला कळवा.

घरात तान्हं बाळ असेल तर फारच उत्तम. दोन्ही अंगाया त्याला ऐकवा आणि कोणत्या गाण्याला ते किती मिनिटांत शांत झालं, तेही लिहा. फक्त ते झोपलं की पेन्सिल हळू चालवा!